लाल दोऱ्याचा मग

लाल दोरा बांधलेला मग कॉलेजच्या गच्चीवर मोठ्यांच्या टबापाशी पालथा पडला होता. तिथे तो असायला नको होता. शुभदाने दोरा बोटांनी चाचपला. विनिताच. दुसरं कोण?

खडवलीच्या खाचरातून दोघींनीच आणलेले हे बेडूकमासे. मोठे लहानांना खातात — आपल्याच जातीच्या — म्हणून मोठ्यांचा टब वेगळा. त्यातलं मगभर पाणी रोज दुसऱ्या टबात ओतायचं, की नुसत्या वासाने तिथली पिल्लं धास्तावतात, भराभर पाय फुटतात त्यांना, आणि जेमतेम अंगाची बेडकं होऊन ती पाण्याबाहेर निसटतात. तुलनेसाठी ठेवलेल्या तिसऱ्या टबाला मात्र तो वास लागू द्यायचा नाही. लाल दोऱ्याचा मग फक्त त्याचा... आणि आता तिथेही पाय फुटलेले. माझा चार वर्षांचा प्रबंध, हा शेवटचा मोसम, सगळं मातीत.

विनिताला मीच तर हाताला धरून शिकवलं. कोपरीहून चालत येते, गोड बोलते, वही झाकून लिहिते. विभागातल्या सरोजबाई निवृत्त झाल्या की कॉलेजात जागा एकच, हे तिला ठाऊक नसेल? म्हणून तर शुभदा गेले पंधरा दिवस संध्याकाळी, ती गेल्यावर, पुन्हा वर गच्चीत यायची. तिच्या नोंदी तपासायची, पिल्लं मोजायची, तिसरा टब कमी भरलेला वाटला तर हाताला लागेल त्या मगाने बादलीतलं पाणी... बादलीतलंच ना? बादली मोठ्यांच्या टबाला खेटून असते. आणि दिवा लावायची नाही ती — खालून कुणाला दिसू नये म्हणून.

विनिता आली. शुभदाने मग पुढे धरला. "हा तिथे कसा?"

"पंधरा दिवस झाले, मॅडम. सकाळी तिथेच असतो. मी धुऊन जागेवर ठेवते."

"मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझी वही तपासता ते कळलेलं मला. वाटलं, बोलले तर माझ्यावरच येईल. मी नाशिकला नोकरीसाठी अर्ज केलेला. काम अर्धवट आहे माझं, पण तेवढ्यावर घेतायत."

खोटं बोलतेय. शुभदाला अजूनही तसंच वाटायला हवं होतं, निदान ते सोपं होतं. पण बोलताना विनिता दोन पावलं मागे सरकली होती, आणि ती नेहमीच तशी सरकते — कितीतरी महिन्यांपासून — हे शुभदाला आत्ता दिसलं. माझ्यापासून. हातातला मग कुठे ठेवावा, तिला सुचेना.