वाक्यात उपयोग करा

दर रविवारी जव्हारला बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा वर्ग भरे. तालुक्यातल्याच वांगणीची प्रमिला त्यात वयाने सगळ्यांत मोठी, दोन लेकरांची आई. त्या रविवारी तुळशीदास सरांनी फळ्यावर ‘हताश’ लिहिलं, शेजारी अर्थ लिहिला, ‘आशा सोडून दिलेला’, आणि म्हणाले, “वाक्यात उपयोग करा.”

वर्गभर एकच वाक्य उतरलं: पीक गेले आणि शेतकरी हताश झाला. गाइडमध्ये तेच होतं.

प्रमिलाचं डोकं फिरलं. मेलं, हताश व्हायला दर वेळी शेतकरीच का?

गेल्या आषाढात तिच्या खाचरातली भाताची लावणी पाण्याने धुऊन नेली होती. दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या बाया आपापल्या घरची उरलेली रोपं जुड्या बांधून घेऊन आल्या आणि थेट चिखलात उतरल्या. तेवढ्यात शहरातून एक पेपरवाला आला. बांधावरूनच म्हणाला, “ताई, जरा डोक्याला हात लावून बसता का? फोटो हवाय.”

“हात चिखलाने भरलेत, दादा,” प्रमिला म्हणाली, “आणि बसायला सवड कुणाला आहे?”

बाया खो-खो हसत सुटल्या. पेपरवाला दुपारपर्यंत ताटकळला, पण एकही बाई बसेना.

“प्रमिलाताई, तुमचं वाक्य?” सरांनी विचारलं.

ती उभी राहिली आणि तिने खणखणीत आवाजात वाचलं, “आम्ही सगळं खाचर पुन्हा लावून काढलं, तेव्हा बांधावरचा फोटोवाला हताश झाला.”

आधी हशा पिकला. मग वर्गभर वह्यांत खाडाखोड सुरू झाली.