रेषेबाहेरची पाचर

वहिनींच्या हॉटेलात आत जेमतेम चार टेबलं. सगळी भिस्त होती ती फुटपाथला लागून रस्त्यावर मांडलेल्या लाकडी ओट्यावर. छप्पर, कठडा, कुंड्या, सगळा थाट होता त्याला. नव्हता तो परवाना, आणि आज निरीक्षकसाहेब तपासणीला येणार होते. ते नाही म्हणाले की हॉटेलला टाळं.

ओटा त्यांच्या सुतार दिराने बांधलेला. दीर भलताच आज्ञाधारक. आगीचा बंब आला तर ओटा चटकन हलवता यावा, असा नियम निघाला. बाकीच्यांनी सुटे होणारे ओटे केले. या पठ्ठ्याने खाली सहा चाकं बसवली आणि उतारावर घसरू नये म्हणून एका चाकाखाली पाचर सारली. वहिनींनी कपाळाला हात लावला.

साहेब आले, ओट्यावर चढले, कठडा हलवून पाहिला, छप्पर मोजलं. सूप पिणाऱ्या दोन आजोबांशेजारी कॉफी घेऊन टेकलेसुद्धा. वहिनींचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच साहेबांना पाचर बाहेर डोकावताना दिसली. ओट्यासाठी रस्त्यावर आखलेल्या रेषेबाहेर काहीही येता कामा नये, असं त्यांनी दिराला बजावलं.

दिराने लगेच पाचर काढली.

ओटा निघाला. कुंड्यांसकट, रमतगमत, अगदी रुबाबात. वहिनी एप्रन सावरत मागे धावल्या. शिंपीणबाईंनी दुकानातून हात हलवला, आजोबांनीही हलवला. त्यातल्या एकाने धावत्या वहिनींकडे मीठ मागितलं. खरं तर वहिनींना रडू यायला हवं होतं. आलं हसू, आणि ते काही केल्या आवरेना.

कोपऱ्यावर रस्ता सपाट झाला तसा ओटा आपसूक थांबला. साहेब दोन्ही हातांनी कप घट्ट धरून बसले होते. दीर धापा टाकत पोचला, पण पाचर हातातच ठेवून त्याने अदबीने विचारलं, "साहेब, लावू का? रेषेबाहेर येईल हां."

"आधी लावा," साहेब म्हणाले. "रेषेचं मी बघतो."

"आणि परवान्याचं?" वहिनींनी धीर करून विचारलं.

साहेबांनी मागे चढाकडे पाहिलं, मग उरलेली कॉफी संपवली. "हलतो, हे मी स्वतः बसून पाहिलंय. सही वर हॉटेलपाशी पोचल्यावर करतो," ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून ओटा ढकलायला खाली उतरले. आजोबा मात्र बसूनच राहिले. त्यांचं सूप संपायचं होतं.