रंभाबाईंचा बाक

मित्रांनो, सोलापुरातल्या एका लहान चर्चमधला मी जुना सागवानी बाक आहे. मिशनच्या सुतारशाळेत मला घडवलं. किती बाप्तिस्मे, किती लग्नं माझ्यासमोर झाली! "असं लाकूड आता मिळत नाही," असं म्हणत लोक माझ्यावरून हात फिरवत. नव्या खुर्च्या आल्या आणि मला मागच्या भिंतीशी सरकवलं. तरी कुंभारीहून येणाऱ्या रंभाबाई माझ्यावरच बसत. त्या विड्या वळत आणि लाल बावट्याच्या युनियनमध्ये होत्या. पाळक राजशेखर यांच्या परवानगीने दर मंगळवारी दुपारी युनियनच्या बायकांची बैठक इथेच भरे.

यंदा शहरातल्या इतर चर्चांचं पत्र आलं. 'कम्युनिस्टांशी आमचा संबंध नाही' असं सर्वांनी मिळून जाहीर करायचं होतं. त्याच आठवड्यात आमच्या फाटकावर कोणीतरी काळी फुली मारून गेलं. रविवारी उपासनेनंतर मंडळी थांबली. खिडक्या लावून घेतल्या.

"ती माणसं देव मानत नाहीत," पंच अण्णाराव म्हणाले. "आधीच आपल्यावर लोकांचा डोळा आहे. त्यांच्यापायी चर्चला टाळं लागेल."

रंभाबाई उठल्या. "देव मानत न्हाईत, व्हय. पण मी महिनाभर सिव्हिलात पडले हुते, तवा डबा युनियनच्या बायाच आणत हुत्या की. तुमी कुटं हुता?"

अण्णारावांनी पत्रावर सही करायची की नाही यावर मत मागितलं. मग हात वर झाले. दोन्हीकडे सारखेच. पाळकांचं मत तेवढं उरलं. त्यांनी बंद खिडकीकडे पाहिलं आणि पत्रावर सही केली.

अण्णारावांनी आणखी एक कागद जोडला. मंगळवारी इथे बसणाऱ्या बायकांची नावं. "आपण काही लपवत नाही, हे दिसू दे," ते म्हणाले. पहिलं नाव रंभाबाईंचं होतं. पाळकांनी तो कागद वाचला, पण अडवला नाही.

गुरुवारी कुंभारीत एक गाडी आली आणि चार बायकांना चौकशीला घेऊन गेली. चर्च झाडणारी वैजयंती हे अगदी हळू आवाजात सांगत होती. तिघी परत आल्या. रंभाबाई आल्या नाहीत. मंडळीतलं कोणी विचारायला गेलं नाही. विचारणाऱ्याचंही नाव लिहून घेतात म्हणे.

आता माझ्यावर कोणी बसत नाही. उपदेश करताना पाळक माझ्याकडे पाहत नाहीत.

मित्रांनो, मला पॉलिश नको, वाळवीचं औषधही नको. तुम्ही फक्त रंभाबाई कुठे आहेत ते विचारायला जा. आणि एकटे जाऊ नका.