चौदा निरोपांची पोच

बाबांच्या खात्यातून बँक पैसे कापतेय हे आम्हाला बँकेकडून कळलं नाही. ते कळलं प्लास्टरवाल्याकडून. बाबांनी त्याला दिलेला चेक परत आला होता आणि तीस वर्षांच्या व्यवहारात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यामुळे बिचाऱ्याने फोनवर आधी बाबांच्या तब्येतीची चौकशी केली.

बाबा दातांच्या कवळ्या बनवतात. वय एकाहत्तर. दोन दंतवैद्य त्यांच्याकडे जबड्यांचे ठसे पाठवतात, आणि घराच्या मागच्या खोलीत बाबा त्यांचे प्लास्टरचे साचे करतात, मेणात दात बसवतात, घासतात, पुसतात. त्यांची एक खोड आहे. अर्धे पैसे आधी घ्यायचे आणि उरलेले त्या माणसाने नव्या कवळीने महिनाभर जेवून दाखवल्यावर. "तोंडात बसली म्हणजे झाली असं नाही, चावता आलं पाहिजे," असं ते म्हणतात. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे, पण त्यांना कोण सांगणार? त्यामुळे त्यांच्या खात्यात कधी बरे पैसे असतात, तर कधी पार खडखडाट.

त्या खडखडाटावर बँकेने दंड लावला होता. किमान शिल्लक नाही म्हणून चौदा महिने, दर महिन्याला साडेचारशे. दंडाने शिल्लक आणखी खाली जायची आणि मग पुढच्या महिन्याचा दंड ठरलेलाच. शेवटी चेक परत गेला, त्याचे आणखी पाचशे. सगळे मिळून सहा हजार आठशे. पासबुक छापायचं यंत्र दीड वर्ष बंद होतं, त्यामुळे यातलं काहीच बाबांना दिसलं नव्हतं.

"पण दर वेळी आधी कळवलंय, काका," बाबा बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "चौदा मेसेज गेलेत तुम्हाला."

बाबा घरी आले आणि हात न धुता खुर्चीत बसले. "चौदा मेसेज गेलेत म्हणे," ते मला म्हणाले. "मला एकही आठवत नाही गं."

त्या संध्याकाळी माझा भाऊ, दादा, आला. त्याने बाबांचा मोबाईल उलटापालटा करून पाहिला. मेसेज नव्हते. "वाचून पुसून टाकले असतील," तो म्हणाला, "आणि मग विसरले." दादा वाईट माणूस नाही, पण त्याला कुठल्याही गोष्टीचा निकाल जेवणाआधी लावायचा असतो. आठवड्याभरात तो एक कागद तयार करून घेऊन आला. खात्यावर यापुढे सही त्याची, आणि वर्षअखेर मागच्या खोलीतलं काम बंद. बाबांनी कागद वाचला. मला वाटलं, आता भडकतील. ते फक्त म्हणाले, "बघू. तुझंही बरोबर असेल."

खरं सांगते, तेव्हा मलाही दादाचंच पटलं होतं. महिन्याभरापूर्वी बाबा माझा वाढदिवस विसरले होते. तसे ते दर वर्षीच विसरतात, पण त्या आठवड्यात मला तेही आजाराचं लक्षण वाटायला लागलं. मी औषधाच्या दुकानातून स्मरणशक्तीच्या गोळ्या आणल्या. बाबा त्या मुकाट्याने घ्यायला लागले, आणि त्यांचं ते मुकाट्याने घेणं मला बघवेना.

माझी नोकरी पाणीखात्याच्या कचेरीत आहे, आवक-जावक टेबलावर. आलेला कागद एका वहीत, गेलेला दुसऱ्या वहीत. बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, आणि लोक मला गमतीने 'जावक' म्हणूनच हाक मारतात. एके दिवशी एक नळधारक माझ्यापुढे येऊन तावातावाने भांडत होता की नोटीस मला मिळालीच नाही. मी सवयीने वही उघडली, त्याच्या नोटिशीपुढचा पोचेचा रकाना पाहिला. रकाना कोरा होता. मी त्याचा दंड थांबवायची टिपणी लिहिली आणि लिहितालिहिता माझा हात थबकला. बाई काय म्हणाल्या होत्या? मेसेज गेलेत. गेलेत! पोचले, असं कुणीच म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. चौदा मेसेजचा तपशील द्या, नाहीतर सहा हजार आठशे परत करा. बँकेत अर्ज दिला आणि दुसरी प्रत पुढे केली. "यावर शिक्का आणि सही."

"आम्ही प्रतीवर शिक्का देत नाही."

"मग मी इथेच बसते."

"किती वेळ?"

"मला बावीस वर्षांची सवय आहे."

पाऊण तासाने शिक्का मिळाला. पंधरा दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: ग्राहकास वेळोवेळी कळवण्यात आले आहे. मी मुख्य कार्यालयाला लिहिलं. तिथून गोडगोड पत्र आलं. सदिच्छा म्हणून निम्मी रक्कम देतो, सोबतच्या फॉर्मवर सही करून पुन्हा तक्रार करणार नाही असं लिहून द्या. म्हणजे तोंडाला पानं पुसायची, वर ती आपल्याच सहीने. मी पुन्हा लिहिलं. एकूण पाच पत्रं लिहिली. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, किती दाताच्या कण्या करशील? मी म्हणायचे, दातांचं आमच्या घरात काही अडत नाही.

दादा वैतागला. शेवटी त्याने मुदत घातली. "छोट्या दाव्यांच्या कोर्टात जायचं तर जा. पण तिथे हरलात, तर बाबा त्याच दिवशी सही करतील." मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यांचा स्वतःवर भरवसाच उरला नव्हता, मग माझ्या भांडणावर कुठून असणार? मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त आला, ते बरं झालं.

पाचव्या पत्राला उत्तर म्हणून बँकेने मेसेजची यादी पाठवली. चौदा तारखा, चौदा वेळा 'पाठवला' आणि वर डोक्यावर एक नंबर. मी तो नंबर दोनदा वाचला. मग उठून मागच्या खोलीत गेले. घासायच्या यंत्राशेजारी भिंतीवर बाबांचा जुना फोन आहे, गुंडाळीच्या वायरचा, प्लास्टरचे डाग पडलेला. त्याच फोनचा नंबर. बँक चौदा महिने त्या फोनला मेसेज पाठवत होती.

बाबांनी यादी पाहिली. फोनकडे पाहिलं. "हा वाजतो," ते म्हणाले. "वाचून दाखवत नाही."

मी हसले, आणि पुढच्याच क्षणी माझं तोंड उतरलं. नऊ वर्षांपूर्वी खात्याचा फॉर्म मीच भरला होता. बाबांचे हात प्लास्टरने भरलेले होते, मी विचारलं नंबर कुठला लिहू, ते म्हणाले कामाचा लिही. आणि मी, जिच्या हातून कचेरीत एक आकडा चुकत नाही, तिने सुवाच्य अक्षरात भिंतीवरच्या फोनचा नंबर लिहिला होता.

"बाबा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुम्ही काही विसरला नाहीत."

मला वाटलं होतं, त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ते यादीतल्या तारखांवरून बोट फिरवत राहिले. "पण नंतर बँकेने मोबाईल नंबर मागितला असेल ना? सगळ्यांकडे मागतात. मागितला असेल आणि मीच विसरलो असेन." माणसाचा स्वतःवरचा विश्वास एकदा उडाला, की तो आपल्याविरुद्ध पुरावे स्वतःच शोधायला लागतो. त्या दिवशी मी दाव्याचा फॉर्म भरला. फॉर्मचे पैसे भरले. पावती घेतली.

कोर्ट म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. चार बाकं, एक टेबल, टेबलामागे चष्म्याच्या न्यायाधीश बाई. वकील लागत नाही, आपलं आपण बोलायचं. आमच्या आधी एक माणूस धोब्याने आखडवलेला कोट अंगात घालून उभा होता, मनगटं बाहेर काढून. दादाही आला होता. त्याच्या पिशवीत तो कागद होता, हे मला ठाऊक होतं.

बाहेरच्या व्हरांड्यात बँकेचा प्रतिनिधी आमच्याजवळ आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पातळ फाईल. "काका, कशाला त्रास? पूर्ण रक्कम देतो. इथे सही करा."

"पूर्ण?" दादा म्हणाला. "बाबा, घ्या आणि चला घरी."

माझी जीभ वळवळत होती, पण मी गप्प राहिले. डोकं त्यांचं होतं आणि प्रश्नही त्यांचाच होता. बाबांनी चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात लिहिलंय की मला रीतसर कळवलं होतं, तरी बँक सदिच्छा म्हणून पैसे देते."

"ती नुसती भाषा असते, काका."

"यावर सही केली तर मी विसरलो असं मीच लिहून दिल्यासारखं होईल." बाबांनी कागद घडी घालून त्याच्या फाईलवर ठेवला. "आत बोलू."

सात महिन्यांत पहिल्यांदाच बाबा माझ्या ओळखीच्या आवाजात बोलले होते.

आत मी बोलले. बँकेच्याच दरपत्रकातली ओळ वाचली: दंड आकारण्यापूर्वी ग्राहकास कळवून एक महिन्याची मुदत दिली जाईल. यादी दिली, फोनचं बिल दिलं. आणि फॉर्मवर तो नंबर मीच लिहिला होता, हेही सांगितलं. लपवून काय करणार, अक्षर समोरच होतं.

प्रतिनिधी लगेच सरसावला. "म्हणजे चूक ग्राहकाचीच झाली. शिवाय दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना पत्र पाठवून मोबाईल नंबर मागितला होता. ही प्रत. वय झालं की अशी पत्रं बाजूला पडतात, विसर पडतो. आम्ही समजू शकतो."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता. ज्या पत्राची त्यांना भीती होती, ते नेमकं टेबलावर आलं होतं. त्यांनी मान खाली घातली, आणि दादाने हळूच पिशवी मांडीवर घेतली.

"मला ती प्रत बघू द्या," मी म्हणाले.

छापील पत्र होतं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, तारीख होती. मी उजवा कोपरा पाहिला. मग डावा. मग पाठ.

"याचा जावक क्रमांक काय?"

"काय?"

"कचेरीतून पत्र बाहेर पडतं, त्याला क्रमांक असतो. तो वहीत लिहितात. पुढे टपालाची पावती लावतात. यावर काहीच नाही. हे पत्र छापलं कधी ते मला दिसतंय. ते बँकेच्या दाराबाहेर कधी पडलं?"

प्रतिनिधीने फाईल चाळली. पातळच होती, त्यामुळे लवकर संपली. "ते सिस्टीममधून जातं," तो म्हणाला.

"सिस्टीमने नोंद ठेवली असेल, ती दाखवा," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"आत्ता उपलब्ध नाही, मॅडम."

"आणि हा घरचा जुना फोन आहे. त्याला मेसेज पोचत नाही, हे तुमच्या यंत्रणेला चौदा महिन्यांत एकदाही कळलं नाही?"

न्यायाधीश बाई बाबांकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

बाबा उभे राहिले. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. "मला एकही निरोप मिळाला नाही. मिळाला असता तर मी पैसे भरले असते. सहा हजारांचं काय, चार कवळ्या जास्त केल्या असत्या. पण सात महिने मी रोज सकाळी उठून स्वतःचीच परीक्षा घेतोय. काल काय केलं, परवा कोण आलं. रात्री झोपताना कुलूप दोनदा बघतो. हे माझ्यामागे यांनी लावलं. पैसे द्या, पण ते कळवलं होतं म्हणतात, ते खरं की खोटं, तेवढं लिहून द्या."

आखडलेल्या कोटाचा माणूस दाराशी थांबून ऐकत होता.

वीस मिनिटांनी आदेश मिळाला. सहा हजार आठशे आणि दाव्याचा खर्च महिन्याच्या आत द्यायचा. त्याखालची ओळ मी बाबांना वाचून दाखवली: चौदापैकी एकही सूचना किंवा बँकेचे पत्र खातेदारास पोचल्याचे सिद्ध झालेले नाही, खातेदाराकडून कोणतीही हयगय झालेली दिसत नाही.

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले. मी पुन्हा वाचली. मग त्यांनी कागद घेऊन स्वतः वाचली, ओठ हलवत.

दादा समोर उभा होता. त्याने पिशवीतून आपला कागद काढला, चार तुकडे केले आणि ते परत पिशवीतच ठेवले, कचरापेटी कुठे दिसत नव्हती म्हणून. "चुकलो, बाबा," तो म्हणाला आणि गाडी काढायला खाली गेला.

आम्ही दोघं व्हरांड्यातल्या बाकावर राहिलो.

"तुलाही तसंच वाटलं होतं ना?" बाबांनी विचारलं. "मी विसरायला लागलो असं?"

पाच पत्रं लिहिली, कोर्टात गेले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "हो," मी म्हणाले.

"मलाही," ते म्हणाले. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघंही रडलो. जिंकून आलेल्या माणसांना न शोभेल इतका वेळ रडलो.

मग ते उठले. घरी न जाता आधी बँकेत चल म्हणाले. तिथे काउंटरवरच्या बाईंकडून त्यांनी नंबर बदलायचा फॉर्म मागून घेतला. मी सवयीने पेन काढलं आणि फॉर्म माझ्याकडे ओढला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"या वेळी मी भरतो," ते म्हणाले.

त्यांनी मोबाईलचा नंबर लिहिला, कुठेही न पाहता, एकेक आकडा सावकाश. मागे रांग लागली होती. कुणी घाई केली नाही.