बाराच्या भोंग्याला जाणारा बल्ब

कारखान्याचा इंजिनवाला दौलतसिंग चपला बाहेर काढून घरात आला, तेव्हा जतनबाई काचेच्या पेटीला तळहात लावून बसल्या होत्या. पाणी किती गार झालं, ते बघत होत्या.

"बल्ब पुन्हा गेला?" त्यानं विचारलं.

"चौथा. आठ दिवसांत चौथा."

पेटीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढे तीन रंगीत मासे जवळजवळ न हलता उभे होते. दिवाळीला आले तेव्हा पाच होते. जतनबाईंचा मुलगा अजितकुमार कलकत्त्याला शिकत होता. त्यानं ते बरणीत घालून रेल्वेनं आणले, पेटीच्या लाकडी झाकणात बल्ब बसवून दिला आणि जाताना बजावलं, "आई, थंडीत दिवा विझू देऊ नको. ऊब गेली की हे मरतात." जतनबाईंचे यजमान फूलचंद कारंजा गावातल्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, मालक. घर कारखान्याच्या आवाराला लागूनच, म्हणून तिथल्या इंजिनावर चालणाऱ्या डायनामोची तार घरात आली होती. हंगामात कारखाना रात्रंदिवस चाले.

डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडल्याची बातमी आली. तेव्हापासून अजितकुमारचं पत्र नव्हतं. त्याच सुमाराला बल्ब जायला लागले आणि दोन मासे मेले. जतनबाईंच्या मनानं काहीतरी घेतलं होतं. ते त्या कोणाजवळ बोलत नव्हत्या.

पहिला बल्ब गेला तेव्हा दौलतसिंगनं आधी पाण्याला दोष दिला होता. तापलेल्या काचेवर गार शिंतोडे उडत असतील, म्हणून त्यानं बल्ब चार बोटं वर घेतला. मग होल्डर बदलला, तार बदलली. तरी बल्ब गेलाच. लढाईमुळे अकोल्यालाही नवे मिळेनात. फूलचंदांनी बैठकीतला काढून दिला, मग माडीवरचा, मग ओसरीवरचा. आता स्वयंपाकघरातला एकच उरला होता.

"घरातले दुसरे दिवे काहून जात नाई?" दौलतसिंग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"ते आमी दिवस बुडाल्यावर लावतो. हा दिवसभर जळते."

"अन् हा जातो कवा?"

जतनबाई आठवू लागल्या. "मी जेवाले बसते तवा. चारी खेपेले ताट सोडून उठली मी."

"जेवता कवा?"

"बाराचा भोंगा झाला का."

दौलतसिंगचा हात झाकणावर थांबला. बाराला मजुरांची जेवणाची सुट्टी. सरकी काढणाऱ्या सगळ्या जिनी एकदम बंद होतात, इंजिन मात्र चालूच राहतं.

"गाडीतला बोजा उतरला का बैल कसा पयते, तसं इंजिन पयत असंन. मंग तारेतली वीज चढते. पन डोळ्यानं पाह्यल्याशिवाय कसं सांगू? तो शेवटचा बल्ब द्या."

"नाई."

"बाई, पेटल्याशिवाय कसा पाहू?"

"अन् तो गेला तर?" जतनबाईंनी तळहात पुन्हा काचेला लावला. "तुमाले खोटं वाटंन. पन हे मासे हायेत तवरक माझा अजित हाय, असं मनात बसलं माह्या. दोन गेले तवापासून मले अन्न गोड लागत नाई."

दौलतसिंग हसला नाही. "मासे थंडीनं मेले, बाई. पोराच्या जिवाचं त्याच्याशी काई नाई. पन तुमी नको म्हनान तर मी हात लावत नाई."

जतनबाईंनी तिन्ही मासे एकदा मोजले. मग उठल्या आणि बल्ब घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी बाराला पाच मिनिटं होती. बल्ब पिवळा, शांत जळत होता. दौलतसिंग बटनावर बोट ठेवून उभा राहिला. भोंगा वाजला. जिनींची घरघर बसत गेली, आणि बल्बाचा पिवळा उजेड पांढरा होऊ लागला. बघवेना इतका पांढरा.

"बंद करा! दौलतसिंग, बंद करा!"

त्यानं बटन दाबलं. बल्ब काढून पदरानं धरून जतनबाईंनी तो उजेडाकडे नेला. आतली तार शाबूत होती.

"इंजिनाचा वेग आवरनारी स्प्रिंग ढिली पडली," दौलतसिंग म्हणाला. "इतवारी बदलतो. तवरक भोंग्याआधी बटन बंद करा, जिनी सुरू झाल्या का लावा."

त्या दुपारी फूलचंद घरी आल्यावर जतनबाई म्हणाल्या, "कलकत्त्याले तार करा."

फूलचंदांनी टोपी काढून खुंटीला लावली. "मले भेव वाटते. काय उत्तर येईन, याचं. म्हनून केली नाई आतापावतर."

"मलेही वाटते. तरी करा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पोस्टात गेले.

उत्तराला पाच दिवस लागले. बल्ब नीट जळत होता, पाणी कोमट होतं, तरी तिसऱ्या दिवशी आणखी एक मासा उलटा तरंगताना दिसला. जतनबाईंनी तो काढून परसात पुरला, हात धुतले आणि ताटावर बसल्या. घास उतरत नव्हता, पण त्या उठल्या नाहीत.

तार आली ती फूलचंदांनी दारातच उभ्यानं वाचली. अजितकुमार सुखरूप होता. वसतिगृह रिकामं केल्यावर एका मित्राच्या खेड्यावर राहत होता. पत्रं कुठं अडकली, त्यालाही माहीत नव्हतं.

"पुन्हा वाचा," जतनबाई म्हणाल्या. फूलचंदांनी पुन्हा वाचली. जतनबाईंनी तार हातात घेऊन पदरात बांधली.

"खेड्यावर त्याले जेवाले कोन देत असंन?" त्यांनी विचारलं.