चाळिसावी सही

शाखेचे चिटणीस साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरले तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती. पक्षात त्यांना सगळे नियमराव म्हणत, कारण पक्षाची घटना कलमांसकट तोंडपाठ. आणि अशा माणसानं आत्ताच शपथेवर धडधडीत खोटं सांगितलं होतं.

भानगड एवढीशीच होती. उमेदवार निवडायच्या सभेला चाळीस सभासद हजर लागतात. त्या दिवशी आले एकोणचाळीस. अर्धा तास वाट पाहून लोक घड्याळं बघू लागले, तेव्हा नियमरावांनी हजेरीच्या वहीत बायकोची सही ठोकून दिली. बायको सभासद होती. तीही यांनीच परस्पर केलेली. बँकेचे कागद असोत नाहीतर विम्याचे, वीस वर्षं तिच्या सह्या नियमरावच करत आले होते. उगाच तिला कशाला त्रास! मग उमेदवार एकमतानं निवडला गेला. डावललेला इच्छुक मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता, तो थेट कोर्टात गेला. तिथं नियमरावांनी ठोकून सांगितलं, बायको सभेला हजर होती आणि सही तिनंच केली.

"पुढच्या साक्षीदार, चिटणीसांच्या पत्नी," त्याच्या वकीलबाई म्हणाल्या.

बायकोला समन्स आल्यापासून आठ दिवस नियमराव रोज जेवताना सगळं सांगून टाकणार होते, आणि रोज भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलले होते. त्यांची साक्ष चालू असताना तिला बाहेर बसवलं होतं. यांनी आत काय सांगितलं, तिला काहीच ठाऊक नव्हतं.

वकीलबाईंनी वही तिच्यापुढे धरली. "त्या सभेतली ही सही तुमची?"

तिनं वहीकडे पाहिलं. सहीखालचा तो ऐटबाज फराटा कोणाचा, हे ओळखायला तिला चष्मासुद्धा लागला नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घामानं निथळत होता.

"माझीच," ती म्हणाली.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण नियमरावांच्या मनात आलं भलतंच. आतापर्यंत आपण एकटेच तुरुंगात जाणार होतो, आता हीसुद्धा.

"मग एकदा इथे करून दाखवा." वकीलबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला.

तिनं पेन उचललं. टोक कागदावर टेकलं आणि तिथंच अडलं.

नियमराव ताडकन उठले. "साहेब, तिला करायला लावू नका! ती सही मी केलीय. ती सभेला नव्हतीच. मघाशी मी खोटं बोललो."

न्यायाधीशांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मान वर न करताच म्हणाले, "बसा. कोर्ट सोडून जायचं नाही." मागे उमेदवारानं कपाळावर हात मारून घेतला.

बायको येऊन बाकावर शेजारी बसली.

"चुकलं गं माझं," ते कुजबुजले. "आता काय होईल, मला फार भीती वाटतेय."

ती हळूच म्हणाली, "अहो, मी कोणाला निवडलं होतं, तेवढं तरी सांगा."