वाचण्यालायक एकच

मासिक म्हणजे दर महिन्याला येतं ते. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं दर महिन्याला पान वाढतात, तेही मासिकच. लातूरच्या क्लासमधली पोरं म्हणतात, मासिकात किती पडले? म्हणजे परीक्षेत.

*

नियतकालिक ठरलेल्या वेळी येतं. अनियतकालिक येईल तेव्हा येतं. भूकंप दुसऱ्या प्रकारात मोडतो.

*

चौकात क्लासचा फलक आहे. पोरांचे फोटो, खाली नावं, नावांखाली गुण. पावसानं नावं धुऊन नेली. गुण राहिले.

*

बांगडी भरताना बाईनं हात सैल सोडायचा असतो. आखडला की काच फुटते आणि दोष बांगडीवाल्याला. उदगीरचे चांदपाशा मणियार हे दिवसभर सांगत बसायचे.

*

पुनर्वसन झालेल्या गावात घरांना नंबर आहेत. पण पत्ता विचारा, लोक जुन्या गावातला शेजार सांगतात.

*

तर चांदपाशांची धाकटी मुलगी सालेहा लातूरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होती. दोन हजार तीन साल. गणपती नुकतेच उठले होते. वाचनालयाचे अध्यक्ष माणिकप्पा, भुसार मालाचे व्यापारी, सकाळीच आले आणि मासिकांच्या टेबलावर थाप मारून म्हणाले, "बाई, हे टेबल काढा इथून."

"अप्पा, ह्याच्यावर मासिकं असतात."

"म्हणून तर म्हणलो. कोण वाचायलंय मासिकं? ते रिटायर तहसीलदार येतेत, पंख्याखाली झोपतेत. अन् पोरं जिन्यात बसून केमिस्ट्री करायलेत. अभ्यासिका करायची हाय हॉलची."

"मग सगळ्यांची वर्गणी बंद?"

"वर्गणीचं नाव नका काढू. आत्ताच गणपती झालाय." माणिकप्पा स्वतःच्या विनोदावर हसून घेत म्हणाले, "सगळी कशी बंद करता येतील? नावात वाचनालय हाय आपल्या. एक ठेवा. एकच. वाचण्यालायक असंल ते. तुम्हीच निवडा. तुम्ही तर लेखिका."

लेखिका हा शब्द त्यांनी जावयाला पाटावर बसवावं तसा उच्चारला. सालेहानं जन्मात एकच लेख लिहिला होता.

तो लेख बुशराआपावर होता. आपा तिची थोरली बहीण, किल्लारीच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. भूकंपानंतर अब्बा आणि सालेहा उदगीरहून मिळेल त्या गाडीनं तिथं पोचले, तेव्हा गाव नव्हतं, ढीग होता. पुढच्या वर्षी सालेहानं कागद घेतला आणि पहिलं वाक्य लिहिलं: आपा माळवदाखाली होती.

माळवद म्हणजे आपल्याकडच्या घरांचं सपाट छत. खाली सागवानी तुळया, वर फळ्या, त्याच्यावर हातभर माती. उन्हाळ्यात त्याच्यावर झोपायचं, पापड-कुरडया वाळवायच्या, लग्नाची वरात बघायची. मराठवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.

पुण्याच्या एका नावाजलेल्या मासिकानं लेख छापला. पहिलं वाक्य होतं: आपा माळ्याखाली होती.

तिथल्या कुणाला तरी वाटलं असणार, बाईचं शुद्धलेखन कच्चं आहे. लेखात पुढं 'अब्बा माती उपसायले होते' होतं, त्याचं 'उपसत होते' केलं होतं. ते सालेहानं सोडून दिलं. पण माळा? पुण्याच्या घरात माळा म्हणजे काय, तर मोरीवरची फळी. त्यावर आकाशकंदील, मोडकी खाट, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. माळ्याखाली माणूस मरत नाही. फार तर डोक्यात कढई पडते.

तिनं तेव्हा संपादकांना कळवलं होतं. पुढच्या अंकात काही आलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही.

*

माणिकप्पांनी निवडायला सांगितलं म्हटल्यावर सालेहानं ते मनावर घेतलं. टेबलावरची सगळी मासिकं घरी नेली आणि परीक्षेला बसल्यासारखी वाचून काढली. एक निम्मं श्रद्धांजल्यांचं निघालं. जिवंत लेखकांनी त्यात लिहायचं धाडस कसं केलं, कोण जाणे. दुसऱ्यात दोन कवी आलटून पालटून एकमेकांची परीक्षणं लिहीत होते आणि दर महिन्याला दोघेही युगप्रवर्तक ठरत होते. तिसऱ्यात गाण्याच्या मैफलींचे फोटो होते. त्यात पहिल्या रांगेतल्या शाली नीट दिसत होत्या, गाणारा कुठं तरी मागं होता.

खरं सांगायचं तर पुण्याचंच चांगलं होतं. गद्य स्वच्छ, लेख मेहनतीचे, फालतू काही नाही. सालेहाला त्याचाच राग आला. ज्यानं घाव घातला तो माणूस निदान नालायक तरी निघावा.

मग तिनं त्याचा ताजा अंक उघडला. भूकंपाला दहा वर्षं झाल्यानिमित्त विशेषांक. आत 'आमच्या जुन्या अंकातून' असं म्हणून तिचाच लेख पुन्हा छापलेला. आपा माळ्याखाली होती. ह्या वेळी सोबत चित्र होतं. चित्रकारानं जीव ओतला होता. शिडी, पत्र्याची ट्रंक, तिरका झालेला माळा, आणि त्याच्याखालून आलेला बाईचा एक हात. हातात बांगड्या.

सालेहानं एसटीडी बूथमधून पुण्याला फोन लावला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला.

"अय्या, तुम्हीच का त्या? आम्ही तुमचा पत्ताच शोधत होतो. किती फोन आले त्या लेखावर!"

"त्यात एक शब्द चुकलाय. माळा नाही, माळवद."

"माळ... काय म्हणालात?"

"माळवद. छत असतं. मातीचं."

"हो का? पण ते आमच्या वाचकांना कळलं नसतं हो. आणि भावना पोचली ना?"

"भावना नाही, आपा होती त्याच्याखाली."

पलीकडं अंकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"पुढच्या अंकात चुकीची दुरुस्ती छापाल का?" सालेहानं विचारलं.

"इतक्या वर्षांनी दुरुस्ती? लोक हसतील हो आम्हाला." मग आवाज पुन्हा गोड झाला. "तुमचं वाचनालय वर्गणीदार आहे ना आमचं? असाच लोभ असू द्या."

*

आता हे मासिक ठेवायचं नाही, हे ठरलं. उरलं नांदेड.

नांदेडला भागवतसर होते. मूळचे चाकूरचे, नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि एक अनियतकालिक काढायचे. त्याच्या मुखपृष्ठावर छापलेलं असायचं: आमच्या बोलीला हात लावाल तर हात मोडेल. सालेहा विद्यार्थिनी असताना तिनं ते वाक्य वहीवर उतरवून घेतलं होतं. तिनं मनाशी सौदा केला. वाचनालयासाठी सरांचं अनियतकालिक निवडायचं, हे मासिक नव्हे म्हणाले तर माणिकप्पांशी भांडायचं, आणि सरांनी तिचा लेख जसा लिहिला तसा, माळवदासकट, छापायचा. एकदा कुठंतरी बरोबर छापलेलं असलं की झालं. मग पुण्याचं पुणं जाणे.

एसटीनं ती नांदेडला गेली. सरांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, खाटेवर, खिडकीत छापील कागदांचे गठ्ठे.

"ये, ये, सालेहा. तो गठ्ठा सरकव अन् बस. लई दिवसांनी! चांदपाशा कसे हायेत?"

"बसून असतात. सर, मी कामाला आले." तिनं सगळं सांगितलं. टेबल, माणिकप्पा, एकच मासिक, पुण्याचा फोन. मग सौदा.

सर हसू लागले. "अगं, अनियतकालिक हाय ते. शेवटचा अंक कधी निघाला, मलाच आठवत न्हाई. वाचनालयाला काय, रिकामं पाकीट पाठवू?"

"पुन्हा काढा. माझ्या लेखापासून काढा."

"अन् तुझा लेख तर मी छापून बसलो." सरांनी खिडकीतल्या गठ्ठ्यातून एक पिवळं पुस्तक ओढलं. "बारावी मराठीचं गाईड करायलो सध्या. हे बघ. आपल्याच भागातली लेखिका, म्हणून मुद्दाम घेतलं."

सालेहानं पान उघडलं.

पुढील उतारा वाचून योग्य पर्याय निवडा.
लेखिकेची बहीण कशाखाली सापडली?
(अ) झाडाखाली (ब) भिंतीखाली (क) माळ्याखाली (ड) यांपैकी नाही
उत्तर: (क)
उताऱ्यातील रस ओळखा.
उत्तर: करुण

बाहेर गुरुद्वाऱ्याकडं जाणाऱ्या रिक्षांचा गलका चालला होता. सालेहा म्हणाली, "विचारलं नाही मला."

"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणली असतीस."

"सर, तुम्ही चाकूरचे. तुमचं स्वतःचं घर माळवदाचं होतं. तुम्हाला तरी..."

"माहीत हाय गं मला." सर पहिल्यांदाच चिडले. "पण पेपर तपासणारा कुठला, ते माहीत हाय का तुला? माळवद लिहिलं अन् त्यानं काट मारली, तर पोराचा एक मार्क जातो. एका मार्कानं बोर्डाची मेरिट लिस्ट हुकते. बाप येऊन माझी गचांडी धरतो, पुण्याच्या संपादकाची न्हाई."

"मुखपृष्ठावर काय छापायचात तुम्ही?"

"ते वय होतं." सरांनी गाईड तिच्या हातातून हलकेच काढून घेतलं आणि गठ्ठ्यावर नीट बसवलं. "वाचण्यालायक मासिक शोधायलीस ना तू? हे बघ, हे वाचलं जातं. पोरं दोन-दोनदा वाचतात, पाठ करतात. पुण्याच्या त्या अंकाला एवढे वाचक जन्मात मिळायचे न्हाईत. तुझी आपा घराघरात गेली, अन् तू रुसून बसलीस."

सालेहानं चहा घेतला नाही. येताना एसटीत तिच्या शेजारच्या बाईनं विचारलं, "नांदेडला कोणी आजारी हाय का?" ती म्हणाली, "हाव."

*

दुसऱ्या दिवशी टेबल निघालं होतं. हॉलभर पोरं-पोरी मान खाली घालून बसली होती. कोपऱ्यात आरती, चाकूरकडची, बारावी दुसऱ्यांदा देणारी, ओठांतल्या ओठांत पाठ करत होती. हातात पिवळं गाईड.

"आपा माळ्याखाली होती. आपा माळ्याखाली होती. रस करुण. रस करुण."

सालेहा तिच्यापाशी थांबली. "ते माळवद आहे."

आरतीनं वर बघितलं. "मॅडम, उत्तरात माळा हाय."

"माळवद माहीत आहे तुला?"

"माहीत नसायला काय झालं? आमच्या आजीचं माळवदच होतं. भूकंपात तडकलं, मग बाबांनी स्लॅब टाकला."

"मग माळ्याखाली बाई कशी सापडेल? तूच सांग."

"सापडत न्हाई, मॅडम." आरतीला घाई होती. "पण खरं काय ते विचारलेलंच न्हाई त्यात. योग्य पर्याय निवडा म्हणलंय."

आणि ती पुन्हा पुटपुटू लागली. ह्या पोरीवर रागवायचं तरी कशासाठी, हे सालेहाला सुचेना. तिला माळवद माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. माहीत असूनच सगळे माळा लिहीत होते.

दुपारी माणिकप्पा आले. "मग बाई, काय ठरलं? वाचण्यालायक कोणतं निघालं?"

"पुण्याचं."

"मला वाटलंच! तुमचं छापून आलंय म्हणे त्यात. चित्रासकट. आमच्या सूनबाईनं वाचलं, रडली बिचारी."

"हो," सालेहा म्हणाली.

तिनं हा पर्याय का निवडला, ते माणिकप्पांनी विचारलं नाही, नाहीतर तिनं सांगितलं असतं. सगळ्या गावात तो शब्द शाईनं दुरुस्त करता येईल असा एकच कागद होता, आणि तो त्या मासिकाचा अंक होता. मासिक बंद झालं असतं तर जुने अंक रद्दीत गेले असते. चालू राहिलं तर फाईल राहणार होती.

'पुस्तकांवर व अंकांवर लिहू नये' ही पाटी तिनंच रंगवून घेतली होती. त्या पाटीखाली उभं राहून तिनं 'माळ्याखाली' हा शब्द खोडला आणि वर ठळक अक्षरात लिहिलं: माळवदाखाली. चित्राला हात लावला नाही. अंक हॉलच्या दारापाशी दोरीनं टांगला.

तो अंक वाचला गेला, असं म्हणता येईल. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत त्याची पानं मऊ पडली. उतारा मुळात कसा आहे ते बघायला पोरं यायची. सालेहा खुर्चीवरून बघायची आणि तिला अधूनमधून बरंही वाटायचं.

सुट्टीआधी तिनं अंक दोरीवरून काढला. तिच्या शाईवर कुणीतरी पेन्सिलीनं सरळ, पट्टी लावून रेघ मारली होती. शेजारी सुबक अक्षरात लिहिलं होतं: माळ्याखाली. आणि त्याच्याही खाली, इतर पोरांचं नुकसान होऊ नये म्हणून: कृपया कोणीही चुकीचे बदल करू नयेत.

सालेहानं खोडरबर शोधलं. टेबलाबरोबर खणही गेला होता. तिनं अंक फाईलला लावला, हॉलचे पंखे बंद केले आणि किल्ली माणिकप्पांच्या दुकानात दिली.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या मे महिन्यात, भूकंपाच्या चार महिने आधी, थोरल्या लेकीचं घर गळतं म्हणून चांदपाशांनी उदगीरहून गडी नेऊन त्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकून दिला होता.